कोळ्याचं जाळं उपजत की शिकलेलं? निरीक्षण करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात कोळ्याचा तक्ता असला की त्यावर 'कोळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून जाळं विणायला शिकतो' हे वाक्य हमखास असतं. रॉबर्ट ब्रूस राजाची गोष्ट शाळेत ऐकल्याचा हा परिणाम. गोष्ट छानच आहे, पण निरीक्षण तिच्यापासून सुरू केलं की पुढची सगळी मांडणी घसरते.

पिल्लू सरावाने शिकतं असं धरून चालणं

युरोपातल्या बागांमध्ये पाठीवर क्रूस असलेला एक कोळी सापडतो, अरेनियस डायडेमॅटस. मादी शरद ऋतूत अंडी घालते आणि मरते. पिल्लं पुढच्या वसंतात बाहेर येतात. शिकवायला कुणीच नसतं, तरी चक्राकार जाळं तयार होतं. पीटर विट यांच्या गटाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोळी अरुंद नळ्यांत वाढवले होते, जाळं विणायला जागाच नव्हती. मोकळे सोडल्यावर त्यांनाही जाळं विणता आलं. म्हणजे आराखडा जन्मतःच असतो.

फक्त तयार जाळं पाहून निष्कर्ष काढणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. सकाळी तयार जाळ्याचा फोटो काढून उपजत काय नि शिकलेलं काय हे कळत नाही; विणताना पाहावं लागतं. बहुतेक चक्राकार जाळी रात्री किंवा पहाटे विणली जातात, तेव्हा टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून लांबूनच बघा. आधी चौकट आणि आरे. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने विरळ, न चिकटणारं कच्चं वेटोळं. त्यानंतर उलटा प्रवास: बाहेरून आत येताना मादी एका पायाने आधीचा फेरा चाचपते, मागच्या पायाने धागा ओढते, पोटाचं टोक आऱ्याला टेकवून तो चिकटवते आणि जाता जाता कच्चं वेटोळं काढून टाकते. पायऱ्यांचा हा क्रम बदलत नाही. बदलतात ती मापं: किती आरे, फेऱ्यांत किती अंतर, कुठला भाग मोठा.

क्रम किती खोल कोरलेला असतो हे कोस्टारिकातल्या एका गांधीलमाशीमुळे कळलं. विल्यम एबरहार्ड यांनी २००० मध्ये दाखवलं, की तिची अळी ज्या कोळ्याच्या अंगावर वाढते, त्या यजमान कोळ्याला मारण्याआधी त्याच्याकडून वेगळंच जाळं विणून घेते. ते नवं कसब नसतं. चौकट बांधण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्याच कोळी पुन्हा पुन्हा करत राहतो आणि अळीला कोश टांगायला मजबूत आधार मिळतो.

दिसेल त्या बदलाला 'शिकणं' म्हणणं

भरपूर खाल्लेली मादी लहान जाळं विणते किंवा विणतच नाही. वाऱ्यात जाळं बदलतं, अंगावर कात टाकण्याची वेळ आली की काम थांबतं. हे सगळं त्या वेळच्या परिस्थितीला दिलेलं उत्तर आहे. अनुभवाची आठवण त्यात असेलच असं नाही.

खरं शिकणंही आहे, पण ते बारीक ठिकाणी शोधावं लागतं. पिल्लांची जाळी वर-खाली बरीच सारखी असतात, मोठ्या माद्यांच्या जाळ्याचा खालचा भाग मोठा असतो. हा बेढबपणा नव्हे. कोळी वर चढण्यापेक्षा खाली लवकर धावतो, म्हणून खाली शिकार जास्त हाती लागते. हायलिंग आणि हर्बरस्टाइन यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की या असमानतेत अनुभवाचा वाटा असतो. मात्र वजन वाढलं तरी असमानता वाढते. त्यामुळे तुलना करायची तर एकाच अंडीपिशवीतली, एकाच वयाची आणि सारखंच खाल्लेली पिल्लं घ्या. एका गटाला शिकार नेहमी खालच्या भागात द्या, दुसऱ्याला वरच्या. एवढं केल्याशिवाय वहीत 'शिकला' हा शब्द लिहू नका.

१९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश स्थानकावर नेलेल्या ॲराबेला नावाच्या कोळ्याच्या मादीचंही असंच झालं. तिची पहिली जाळी विस्कळीत होती, नंतरची नीट झाली, आणि 'अवकाशात कोळी शिकला' असं सर्रास सांगितलं जातं. पण स्कायलॅबवर कोळी दोनच होते, त्यावरून शिकणं आणि वजनरहित अवस्थेची सवय होणं वेगळं काढता येत नाही. पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या प्रयोगांतून दिसलं, की गुरुत्वाकर्षण नसताना कोळी दिव्याच्या उजेडावरून दिशा ठरवतात.

बरणीतला कोळी विणत नसेल तर

प्रौढ नर आहे का बघा. बहुतेक नर मोठे झाल्यावर शिकारीचं जाळं सोडून मादीच्या शोधात फिरतात. मादी असेल तर बहुधा जागेचीच अडचण असते. गुळगुळीत बरणीत धागा बांधायला आधार नसतो. साधारण फूटभर रुंद-उंच लाकडी चौकट करा, दोन्ही बाजूंना काच किंवा प्लास्टिक लावा आणि त्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, म्हणजे ती धागे काचेला न लावता चौकटीलाच बांधेल. दोन दिवस हात लावू नका.

फोटोसाठी जाळ्यावर पीठ भुरभुरवू नका. पुष्कळ कोळी जुनं जाळं खाऊन नवं विणतात, ते पीठही पोटात जाईल. मागे काळा कागद आणि बाजूने तिरपा उजेड ठेवला की धागे स्पष्ट दिसतात.