विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर राज्यघटनेच्या बारा अनुसूची

एमपीएससीच्या अभ्यासात पाचवी आणि सहावी अनुसूची यांची गल्लत ठरलेली, कारण दोन्ही आदिवासी भागांच्या; सहावी फक्त ईशान्येकडच्या राज्यांची. एकेक अनुसूची ओळखीच्या वाटेवरच्या एकेका जागेला चित्राने बांधली की ती सहसा टळते, कारण मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसकडे जागा आणि आठवणी अशी दोन्ही खाती आहेत. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये तिथल्या 'प्लेस सेल', म्हणजे आपण कुठे आहोत हे टिपणाऱ्या पेशी, दाखवल्या. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याबद्दलच होता. मेरीलँड विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात अशा आभासी जागा व्हीआर हेडसेटमधून (डोळ्यांवर लावून चहूबाजूचं दृश्य दाखवणारं यंत्र) पाहणाऱ्यांची आठवण साध्या स्क्रीनपेक्षा ८.८ टक्के अधिक अचूक निघाली. फरक माफक आहे, त्यामुळे महागड्या हेडसेटपेक्षा वाट नीट निवडण्याकडे लक्ष द्या.

कोल्हापूरकराला वाट आयतीच मिळते, गणपती विसर्जनाची. थांब्याचा आकडा तोच अनुसूचीचा: १ खासबाग, २ मिरजकर तिकटी, ३ बिनखांबी गणेश मंदिर, १० पापाची तिकटी, ११ गंगावेश, १२ पंचगंगा घाट. ४ ते ९ हे सहा थांबे महाद्वार धरून महाद्वार रोडवर निवडा. एकसारखी दिसणारी दोन दुकानं घेऊ नका.

हेडसेटमध्ये पाहायला या थांब्यांचे फोटो सकाळी सहाला, गर्दी नसताना काढा. ३६० अंशाचा कॅमेरा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) दीड मीटर उंचीवर ठेवा. फार खाली ठेवला तर पाहणाऱ्याला आपण बुटके झालो असं वाटतं. फोटो किमान ५७६० बाय २८८० पिक्सेलचा हवा. तरीही एका अंशाला १६ च पिक्सेल मिळतात, म्हणून दुकानाच्या पाटीवरच्या बारीक अक्षरांवर काही बांधू नका.

हे फोटो ए-फ्रेममध्ये, म्हणजे व्हीआरची वेबपानं बनवायच्या साधनात, लावा. ते फुकट आहे आणि हेडसेटच्या ब्राउझरमध्ये चालतं. मात्र पान एचटीटीपीएसवर (https ने सुरू होणाऱ्या सुरक्षित पत्त्यावर) नसेल तर व्हीआर सुरूच होत नाही. प्रत्येक फोटो असा फिरवा की पुढचा थांबा समोर येईल. हे राहिलं तर उडी मारताच माणूस उलट्या दिशेला तोंड करून उभा राहतो आणि वाट तुटते. थांब्यांमध्ये सरकत जाणं नको, उडीच ठेवा: डोळ्यांना चाल दिसते, कानातल्या तोलाच्या इंद्रियाला जाणवत नाही, आणि मळमळ सुरू होते.

आता अनुसूचीची आठवण करून देणारी चित्रं. फोटोत एका थांब्यावर एकच, पाहणाऱ्यापासून दोन मीटरवर. तिसरीत शपथा आहेत, म्हणजे गणपतीपुढे हात वर केलेला मंत्री. पाचवीला गडचिरोलीच्या मोहफुलांची रास रस्त्याच्या डाव्या हाताला, सहावीला आसामचा गेंडा उजव्या हाताला. बाजू बदलली की गल्लत बरीच कमी होते. दहावी पक्षांतराची, आणि त्याला पापाची तिकटीसारखी जागा शहरात दुसरी नाही. अकरावी पंचायतींची, बारावी नगरपालिकांची. संगीत, हलणारे ढग वगैरे घालू नका. लक्ष तिकडेच जातं.

पहिली फेरी आठ मिनिटांची, एका थांब्यावर चाळीस सेकंद. मग हेडसेट काढा, डोळे मिटून तीच वाट चाला आणि बारा नावं कागदावर लिहा. हा टप्पा गाळला तर लक्षात राहतो तो गेंडा, अनुसूची नाही. दुसऱ्या, चौथ्या आणि अकराव्या दिवशी फक्त कागद. जो थांबा अडला तेवढ्यापुरताच हेडसेट.

पुढची यादी याच वाटेवर लगेच चढवू नका, जुनी चित्रं मध्ये येतात. तिला रंकाळ्याचा काठ द्या.