वर्गात कांजिण्या निघाल्या तर पालकांना काय आणि कसं कळवायचं

संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, आणि त्याच सुमाराला आमच्या शाळेत कांजिण्यांचा हंगाम सुरू होतो. उन्हाळा लागेपर्यंत तो सरत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, घरात तेलुगू किंवा कन्नड, अशा घरांतली मुलं आमच्याकडे जास्त. अशा घरांना साथीची सूचना कशी द्यावी, हे इथल्या नव्या मुख्याध्यापकांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी लिहिते आहे.

सूचना लिहायच्या आधी आजारी मुलाच्या घरी फोन करा. पाच गोष्टी विचारून कागदावर उतरवून घ्या: ताप कधी आला, अंगावर पुरळ कोणत्या दिवशी दिसलं, मूल शाळेत शेवटचं कधी आलं, भावंडं कोणत्या वर्गात किंवा अंगणवाडीत आहेत, आणि रिक्षा किंवा शिकवणी कोणती. डॉक्टरांना दाखवलं का, ते काय म्हणाले, हेही विचारा. डॉक्टरांनी निदान केलेलं नसेल तर सूचनेत फक्त ‘ताप आणि पुरळ’ लिहा. निदान करणं आपलं काम नाही. ‘आज वर्गाला सूचना जाणार आहे, त्यात तुमच्या मुलाचं नाव नसेल,’ हे त्या आईला याच फोनवर सांगा. तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

काही घरी ‘देवी आली’ म्हणतात, दाराला कडुलिंबाचा पाला बांधतात आणि डॉक्टरांकडे जात नाहीत. पाल्यावरून वाद घालू नका. पाला राहू द्या, फक्त डॉक्टरांना दाखवायला सांगा. तापासाठी ॲस्पिरिन अजिबात देऊ नका, हेही सांगा. कांजिण्यांत ॲस्पिरिनमुळे मुलांच्या मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, धाप लागली किंवा झटका आला, तर वाट न बघता सिव्हिलला न्यायचं.

आता तारखा. बहुतेक सूचना इथेच फसतात. ‘२१ दिवस काळजी घ्यावी’ असं लिहिलं की कोणत्या दिवसापासून ते कुणालाच कळत नाही. दिवस तुम्ही मोजा आणि पालकांना तारीख द्या. समजा, तिसरीतल्या एका मुलाला शनिवारी १० जानेवारीला पुरळ दिसलं. कांजिण्यांची लागण पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून होते, म्हणजे ८ आणि ९ जानेवारीला त्या वर्गात बसलेली मुलं संपर्कात आली. संसर्ग झाल्यापासून आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात. ८ तारखेत १० मिळवले की १८ जानेवारी, ९ तारखेत २१ मिळवले की ३० जानेवारी. पालकांना द्यायच्या तारखा या दोनच.

मी सूचना साधारण अशी लिहिते:

‘तिसरी अ च्या पालकांसाठी. आपल्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला कांजिण्या झाल्या आहेत. ८ आणि ९ जानेवारीला हजर असलेल्या मुलांना लागण झालेली असू शकते. १८ ते ३० जानेवारी रोज सकाळी मुलाचं पोट, पाठ आणि चेहरा बघा. ताप, लाल पुरळ किंवा पाण्याचे फोड दिसले तर शाळेत पाठवू नका, वर्गशिक्षकांना फोन करा. काही नसेल तर मुलाला नेहमीप्रमाणे पाठवा. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा कॅन्सरसारख्या आजारावर उपचार चालू असलेलं कुणी असेल, तर पुरळ दिसण्याची वाट न बघता आजच डॉक्टरांना विचारा. आजारपणाची गैरहजेरी मुलाच्या विरोधात धरली जाणार नाही. बुडालेली चाचणी पुन्हा घेऊ.’

‘नेहमीप्रमाणे पाठवा’ हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर घाबरून निम्मा वर्ग घरी बसतो, आणि विड्यांच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात मोठ्या बहिणीची शाळा धाकट्याला सांभाळण्यात बुडते. कांजिण्यांत घरी राहायचं ते आजारी मुलानं. संपर्कातल्या ठणठणीत मुलावर फक्त लक्ष ठेवायचं. शेवटची दोन वाक्यंही तितकीच गरजेची आहेत, कारण परीक्षेच्या धाकानं अंगावर फोड घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत.

सूचना त्याच दिवशी गेली पाहिजे. शाळेतली एखादी शिक्षिका किंवा मदतनीस गरोदर असेल तर तिला सगळ्यात आधी, बाजूला घेऊन सांगा. तिला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या नसतील, तर तिनं त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायला हवं. लसीबद्दल पालक विचारतातच. कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, खाजगी दवाखान्यात पैसे देऊन मिळते. संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ज्यांना परवडेल त्यांना ती संधी वेळेत कळायला हवी.

आमच्याकडे नुसता लेखी मजकूर पुरत नाही. घरातला फोन बहुधा वडिलांच्या खिशात, आणि वडील पाळीवर. म्हणून मुलाच्या वहीत चिठ्ठी चिकटवतो आणि गटावर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषांत आवाजी निरोप टाकतो. तेलुगू निरोप आमच्या स्वयंपाकीण मावशी सांगतात. आया त्यांना ओळखतात, त्यामुळे माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात. निरोप एका मिनिटाच्या आत संपवा आणि तारखा दोनदा सांगा.

गटावर कुणीतरी विचारणारच, ‘कोणाचं पोरगं?’ उत्तर एकच: ‘नाव सांगता येणार नाही, तारखा लक्षात ठेवा.’ नाव किंवा फोटो कुणी टाकलाच तर तो लगेच काढा आणि त्या पालकाला स्वतंत्र फोन करा. चाळीत एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायका असतात, तिथे एखाद्या घरावर बोट दाखवलं की पुढचं आजारी मूल लपवलं जातं. मग आपल्याकडे तारीखच राहत नाही.

गोवराचा संशय असेल तर वरची सूचना चालणार नाही. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे, मग चेहऱ्यापासून पुरळ. लागण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत होते आणि विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे सूचना एका वर्गापुरती ठेवू नका. पूर्ण शाळेला, रिक्षावाल्या मामांना आणि शिकवणीलाही कळवा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला तर पालकांच्याही आधी फोन करा. गोवराच्या संशयित रुग्णांची ते नोंद घेतात, नमुने तपासतात आणि लसीकरणाचं ठरवतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवरानं लहान मुलं दगावली, तेव्हा लस चुकलेल्या मुलांचा प्रश्न सगळ्या राज्यानं पाहिला.

गोवर-रुबेलाची लस मोफत आहे: पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डाचा फोटो मागवा. दोन्ही डोस झालेली मुलं शाळेत येऊ शकतात. न झालेल्यांना शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस घरी ठेवायला सांगितलं जाऊ शकतं, तो निर्णय आरोग्य केंद्राचा. संपर्कानंतर ७२ तासांत दिलेली लस उपयोगी पडते, पण पुरळ दिसेपर्यंत पहिल्या संपर्काला चार दिवस होऊन गेलेले असतात. म्हणून गोवरात सूचना उद्यावर ढकलू नका. कार्डं जूनमध्येच, प्रवेशाच्या वेळी पाहून ठेवा.

गालफुगीला एवढी धावपळ लागत नाही. सूज आल्यापासून पाच दिवस मुलानं घरी राहायचं. सरकारी लसीत गालफुगीचा भाग नाही, त्यामुळे कार्ड पूर्ण असूनही ती होते, हे पालकांना आधीच सांगा.

मुलाला परत कधी घ्यायचं? कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरल्यावर आणि नवा फोड येणं थांबल्यावर. गोवरात पुरळ दिसल्याचा दिवस न मोजता पाचव्या दिवसापासून, बरं वाटत असेल तर. कांजिण्यांनंतर मी डॉक्टरांचा दाखला मागत नाही. त्यासाठी आईची दिवसाची मजुरी बुडते. दारातच हात, पोट आणि पाठ बघते आणि ओल्या फोडाचं मूल प्रेमानं घरी पाठवते.

मधल्या काळात दुसरं मूल आजारी पडलं तर नव्या मुलाच्या पुरळाच्या दिवसावरून पुन्हा मोजा आणि नवी सूचना काढा. जुनीच पुढे ढकलू नका, त्यात तारखांचा गोंधळ होतो. कुणीच पडलं नाही तर ३१ जानेवारीला एक ओळ पाठवा: ‘तिसरी अ, लक्ष ठेवण्याचा काळ संपला, नवा रुग्ण नाही.’ ही ओळही तिन्ही भाषांत जाऊ द्या.