पेशीत कॅल्शियम वाढलं म्हणजे पटल फुटलं? विषाणू-संसर्गाच्या प्रयोगात या चुका टाळा

कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हा विषय घेतला की पहिला आलेख बहुधा असाच येतो: संसर्ग झालेल्या पेशींत फ्युरा-२ (कॅल्शियम मोजायचं चमकणारं रंगद्रव्य) चं ३४०/३८० गुणोत्तर चढलेलं, म्हणजे कॅल्शियम वाढलेलं. खाली निष्कर्षही तयार असतो, ‘विषाणूने पेशीपटलाला भोकं पाडली’. एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.

पेशीबाहेर कॅल्शियम १ ते २ मिलिमोलर असतं, पेशीद्रवात जेमतेम १०० नॅनोमोलर. पण पेशीच्या आतही साठा आहे. रोटाव्हायरसचं एनएसपी४ प्रथिन आधी आंतर्द्रव्यजालिकेतला (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधला) हा साठा गळता करतं. साठा उतरल्याचं जालिकेतल्या स्टिम१ या प्रथिनाला कळतं आणि ते पटलातलं ओराय१ हे कॅल्शियमचं दार उघडतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की उघडतात. इथे साठा आटला की उघडतात. म्हणजे बाहेरचं कॅल्शियम पेशीच्या स्वतःच्याच दारातून आत येतं.

म्हणून आधी कॅल्शियमविरहित द्रावणात थॅप्सिगार्गिन देऊन बघा. ते साठा भरणारा पंप बंद पाडतं. संसर्गित पेशींत त्याचा उंचवटा बुटका आला, तर साठा आधीच रिता झालाय. पटलाची पारगम्यता थेट मोजायला मँगनीज वापरा: ते आत शिरलं की ३६० नॅनोमीटरवर फ्युरा-२ ची चमक विझवतं. ओराय१ चा अवरोधक देऊनही ती तेवढ्याच वेगाने विझत असेल, तरच विषाणूच्या छिद्रांचा विचार करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक ईजीटीएची, म्हणजे कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या रसायनाची. रोटाव्हायरसचं बाहेरचं व्हीपी७ कवच कॅल्शियमवरच टिकतं. विषाणू पेशीला चिकटायच्या आधीच ईजीटीए घातलं तर कवच गळून पडतं, संसर्गच होत नाही आणि आपण लिहितो ‘कॅल्शियमचा प्रवेश थांबला’. विषाणू आत जाऊ द्या, मग माध्यम बदला. कॅल्शियम बांधताना ईजीटीए प्रोटॉन सोडतं, तेव्हा पीएच पुन्हा तपासा.

नियंत्रण म्हणून नुसतं माध्यम घालू नका. पेशी फोडून मिळवलेल्या विषाणूच्या द्रावात एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) असू शकतं आणि त्याने काही सेकंदांत कॅल्शियम उसळतं. निरोगी पेशी तशाच फोडून केलेला द्राव आणि अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेला विषाणू, दोन्ही हवेत.

प्रोटोकॉलमधलं ‘खोलीचं तापमान’ २० ते २५ अंश असतं, आपल्या एप्रिलमधलं नव्हे. उष्णतेत रंगद्रव्य पेशीच्या अंगकांत जाऊन बसतं आणि पेशीद्रवाचं मोजमाप बिघडतं.

वेळेचंही बघा. मरणाऱ्या पेशीतून सगळंच गळतं, म्हणून प्रोपिडियम आयोडाइड (फक्त पटल फाटलेल्या पेशींत शिरणारं रंगद्रव्य) सोबत लावा. हायग्रोमायसिन बी ची चाचणीही करता येते: निरोगी पेशीत सहसा न शिरणारं हे प्रतिजैविक संसर्गित पेशीत शिरून प्रथिननिर्मिती थांबवतं. कॅल्शियमच्या आलेखाशेजारी ही चाचणी ठेवली, तर गळती फक्त आयनांची की मोठ्या रेणूंचीही, हे वेगळं सांगता येतं.