शाळेचे फोटो हवे तेव्हा सापडावेत म्हणून

आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघायची होती. मुखपृष्ठावर लेझीम पथकाचा फोटो टाकायचा, हे सगळ्यांच्या मनात पक्कं. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला होता, मुलींच्या फेट्यांचे रंगसुद्धा आठवत होते. पण तो होता कुणाकडे? ज्या सरांनी काढला ते निवृत्त झालेले, त्यांचा तेव्हाचा मोबाईल मुलाने एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला. शेवटी एका बाईंच्या व्हॉट्सॲपमध्ये सापडला. छपाईवाल्याने तो स्क्रीनवर मोठा केला आणि म्हणाला, "बाई, हा फाटतोय."

त्याचं बरोबर होतं. ए-फोर आकाराचं पान नीट छापायला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा फोटो लागतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो समोरच्याकडे पोचेपर्यंत लांबीला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. मोबाईलवर झकास दिसतो, कागदावर चेहऱ्यांचे चौकोन होतात. मुखपृष्ठावर मग शाळेच्या इमारतीचं रेखाचित्र गेलं.

तेव्हापासून फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मराठी शिकवते, कॉम्प्युटर नाही. जे आलं ते चुकत चुकत आलं. पण ही पद्धत आमच्या परळच्या शाळेत टिकली आहे, कारण तिला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजचा साधा कॉम्प्युटर, एक केबल आणि आठवड्यातला अर्धा तास पुरतो.

आधी मोबाईलमध्येच चाळणी

१५ ऑगस्टला एकटीच्या फोनवर दीडशे फोटो होतात. त्यातले तीस ठेवले तरी खूप झाले. मी हे काम घरी जाताना लोकलमध्ये करते, तेही बसायला मिळालं तरच. दादरला सुरू केलं की मुलुंडपर्यंत उरकतं. डोळे मिटलेले, हललेले, पाहुण्यांच्या पाठीचे, एकाच पोजचे पाच असतील तर त्यातले चार, हे सगळे काढायचे. काय ठेवायचं तेही ठरलेलं: फलक वाचता येईल असा एक, गर्दीचा एक, आणि बाकीचे मुलं काहीतरी करत असतानाचे. अहवालाला नेमका फलकाचाच लागतो आणि नेमका तोच कुणी काढलेला नसतो.

यासाठी एक युक्ती सांगते. कार्यक्रमाचा पहिला फोटो फळ्याचा काढा. वर्गातल्या फळ्यावर वार, दिनांक असतोच. त्याखाली "वृक्षदिंडी, इयत्ता ५ वी ते ७ वी" एवढं खडूने लिहा आणि टिपा. त्याच्या पुढचे सगळे फोटो त्या कार्यक्रमाचे. चार महिन्यांनी कुणी विचारलं की ही झाडं कधी लावली, तर उत्तर फोटोतच असतं.

चाळणी करताना जपायचं ते गूगल फोटोजमध्ये. बॅकअप चालू असेल आणि तिथून फोटो पुसला, तर तो फोनमधूनही जातो आणि गूगलच्या खात्यातूनही. चुकून गेलाच तर बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. तोवर परत आणता येतो, त्यानंतर नाही.

केबलने उतरवा

"फोन जोडलाय, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही." स्टाफरूममध्ये हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. अँड्रॉइड फोन जोडल्यावर तो आपणहून फक्त चार्ज होत बसतो. फोनच्या वरच्या काठावरून बोट खाली ओढा, यूएसबीची सूचना दिसेल. तिच्यावर टिचकी मारून "फाइल ट्रान्सफर" निवडा. तरीही दिसला नाही तर केबल बदलून पाहा. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्याच असतात, त्यांच्यातून फोटो जातच नाहीत.

मग विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा. उघडलेल्या खिडकीत फोनचं नाव दिसेल. त्यात इंटर्नल स्टोरेज, त्यात "डीसीआयएम", त्यात "कॅमेरा". कंट्रोल दाबून ठेवून हवे ते फोटो निवडा, कंट्रोल-सी करा आणि कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये कंट्रोल-व्ही. कट करू नका. मध्येच केबल हलली तर अर्धे इथे, अर्धे कुठे, हे शोधत बसावं लागतं. सगळे नीट उघडतात हे पाहिल्यावर मग फोनमधले काढा.

दुसऱ्या बाईंकडून किंवा सरांकडून फोटो घ्यायचे असतील तर त्यांना व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. पिनेच्या खुणेवर दाबलं की तो पर्याय येतो. असा पाठवलेला फोटो मूळ आकारात येतो. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांचे फोटो "एचईआयसी" प्रकारचे असतात आणि शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा उघडत नाहीत. त्यांनी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन "मोस्ट कम्पॅटिबल" करून ठेवायचं. पुढचे सगळे साध्या जेपीईजीत येतात.

नाव द्या, आणि लगेच द्या

बाकी सगळं एक वेळ राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका. फोटोला नाव त्या माणसाने द्यायचं जो तिथे हजर होता, आणि आठवडा उलटायच्या आत. सहा महिन्यांनी मलाच आठवत नाही की ही सहल राणीच्या बागेची की वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची. जेवणाचे डबे उघडलेले फोटो दोन्हीकडे सारखेच दिसतात.

आमची रचना अशी आहे. "शाळा फोटो" हा एक फोल्डर. त्यात शैक्षणिक वर्षाचा: "२०२५-२६". त्यात कार्यक्रमाचा: "२०२५-०८-१५ ध्वजवंदन", "२०२६-०१-०३ सावित्रीबाई जयंती". आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं की कॉम्प्युटर आपणच ते तारखेच्या क्रमाने लावतो. आपल्या सवयीप्रमाणे १५-०८ लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या १५ तारखा एकाखाली एक येऊन बसतात. एक सूचना: मी इथे आकडे मराठीत छापलेत, तुम्ही टाइप करताना सगळ्यांनी इंग्रजीच वापरा. एकाने मराठी आणि दुसऱ्याने इंग्रजी घातले की शोधताना घोळ होतो.

आता आतले फोटो. फोल्डर उघडून कंट्रोल-ए करा, एफ-टू दाबा, "ध्वजवंदन २०२५" टाइप करून एंटर. सगळ्या फोटोंना तेच नाव लागतं आणि पुढे कंसात १, २, ३ असे क्रमांक पडतात. भलत्याच फोल्डरमध्ये केलंत तर लगेच कंट्रोल-झेड. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता, कारण त्याआधी आख्ख्या गॅदरिंगचे फोटो मी एकेक करून नावं देत बसले होते.

नावं मराठीत खुशाल द्या. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये "मराठी फोनेटिक" की-बोर्ड जोडला की विंडोज-स्पेसबारने भाषा बदलते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर हात बसलेल्यांना एवढंच सांगायचं, की ते फॉन्ट फाइलच्या नावात चालत नाहीत, तिथे युनिकोडच लागतो, म्हणजे या फोनेटिक की-बोर्डने टाइप होते तशी मराठी. आणि सरकारी पोर्टलवर चढवायची फाइल असेल तर तिच्या प्रतीला इंग्रजीत, मोकळी जागा न सोडता नाव द्या. काही पोर्टल मराठी नावाची फाइल घेतच नाहीत आणि का घेत नाहीत तेही सांगत नाहीत.

जुने व्हॉट्सॲपचे फोटो लावायला घेतलेत तर त्यांची नावं वाचायला शिका. "आयएमजी-२०१९०८१५-डब्ल्यूए००३७" असं काही दिसेल. मधले आठ आकडे म्हणजे २०१९, ऑगस्ट, १५. डब्ल्यूए म्हणजे तो व्हॉट्सॲपवरून आला, आणि ३७ हा त्या दिवसाचा क्रमांक. पण ही तारीख फोटो काढल्याची नसते, फोनवर आल्याची असते. कुणी डिसेंबरातली सहल जानेवारीत पाठवली असेल तर नाव जानेवारी सांगेल. कॅमेऱ्याच्या मूळ फोटोवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये "डेट टेकन" दिसते. व्हॉट्सॲपच्या फोटोत ती जागा रिकामी असते, ती माहिती वाटेतच गळून पडलेली असते. म्हणून मूळ फोटो हवा.

शेवटचं काम दोन मिनिटांचं. फोल्डरमध्ये नोटपॅडची एक फाइल ठेवा, नाव "माहिती". आमच्या एका फाइलमध्ये आहे: "पाहुण्या: माजी विद्यार्थिनी, १९८८ची दहावी, केईएममध्ये परिचारिका. गीत: ७ वी अ. तिसऱ्या फोटोत पावसाने मंडप गळतोय." पुढच्या अमृतमहोत्सवाला कुणी हे वाचेल तेव्हा आम्ही कुणी शाळेत नसू.

तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक शाळेबाहेर

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात कमरेएवढं पाणी होतं. खालच्या कपाटातले अल्बम उघडायला गेलो तर पानं एकमेकांना चिकटलेली, फोटोंचा रंग सुटलेला. अल्बम आणि सीडी एकाच कपाटात होत्या, म्हणून दोन्ही गेलं. हिंदमाता परिसरातल्या शाळांना हे वेगळं सांगायला नको.

आमचा पहिला संच शाळेच्या कॉम्प्युटरवर असतो. दुसरा एक्स्टर्नल हार्डडिस्कवर, आणि ती मुख्याध्यापिका घरी नेतात. तिसरा शाळेच्या नावाने काढलेल्या गूगल खात्यात. कुणाच्याही खाजगी खात्यात नको, नाहीतर बाईंच्या भाचीच्या बारशात शाळेचं ध्वजवंदन मिसळतं. गूगलवर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्यात जीमेल आणि ड्राइव्हही आलं, आणि १ जून २०२१पासून गूगल फोटोजवर चढवलेला प्रत्येक फोटो त्यातच मोजला जातो. हिशेब करा: वर्षाला चाळीस कार्यक्रम, प्रत्येकी तीस फोटो, फोटोमागे ४ एमबी, म्हणजे जवळपास ५ जीबी. तीन वर्षांत भरलं. चाळणी का करायची ते इथे कळतं.

पेनड्राइव्ह ही साठवायची जागा नव्हे, नुसती पिशवी आहे. तिच्यातून पुसलेला फोटो सहसा रिसायकल बिनमध्येही जात नाही. प्रिंट काढायला स्टुडिओत किंवा सायबरमध्ये जाताना वेगळी पेनड्राइव्ह न्या, तिच्यात फक्त छापायचे फोटो. तिथून परत आली की अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय शाळेच्या कॉम्प्युटरला लावू नका. सगळे फोल्डर शॉर्टकट झालेली पेनड्राइव्ह एकदा पाहिली की पुन्हा कुणी विसरत नाही.

पोर्टलसाठी लहान करणे

पोर्टलला ५० केबीच्या आतला फोटो हवा असतो आणि आपला असतो ४ एमबीचा. आधी कॉपी करून त्या कॉपीवरच काम करा. ती पेंटमध्ये उघडा, कंट्रोल-डब्ल्यू दाबा, पिक्सेल निवडून रुंदी ४०० टाका. "मेंटेन ॲस्पेक्ट रेशो"ची खूण तशीच राहू द्या, नाहीतर मुलं चपटी दिसतात. सेव्ह ॲज करून जेपीईजी निवडा. तरी मोठा राहिला तर ३०० करून पाहा. कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर मुलांचे फोटो चढवून लहान करून घेऊ नका.

वाटण्याआधी

मागे एक आई मधल्या सुट्टीत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका, आम्ही राहतो कुठे हे एका माणसाला कळता कामा नये." त्या मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर शाळेचं नाव, तुकडी, पत्ता सगळं वाचता येत होतं, आणि तो फोटो आदल्या दिवशीच पाठवून झाला होता.

तेव्हापासून जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबर पालकांकडून फोटोसाठी लेखी संमती घेतो आणि ज्यांची नाही त्यांची यादी वर्गशिक्षकांकडे असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. फोटो काढण्याआधी ओळखपत्रं खिशात घालायला सांगायची. फोटोखाली मुलांची पूर्ण नावं लिहायची नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवायचं, कारण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फोटोबरोबर जागेची माहितीही जाते. गूगल फोटोजच्या अल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो उघडतो, म्हणून पालकांनी फोटो उतरवून घेतले की आठवड्याने शेअरिंग बंद करते. आणि शिक्षकांच्या स्वतःच्या स्टेटसवर विद्यार्थ्यांचे फोटो नकोत. यावर आमच्याकडे रुसवेफुगवे झाले, अजूनही होतात.

शाळेचं गूगल खातं काढताना मोबाईल नंबर ऑफिसच्या फोनचा द्या. आम्ही सुरुवातीला दिला तो तेव्हाच्या एका उत्साही बाईंचा. त्या आता निवृत्त होऊन सावंतवाडीला गेल्यात. नंबर बदलेपर्यंत नव्या कॉम्प्युटरवर खातं उघडायचं तर ओटीपी त्यांच्याकडे जायचा. मग त्यांना फोन. त्या म्हणायच्या, "थांब गं, घरात रेंज नाही, अंगणात जाऊन सांगते."