पोरांना घेऊन खाडीकाठाने चालायचं तर

संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी एकत्र येतात. तिथून खाली जयगडकडे जाताना नदीची खाडी कधी झाली ते कळतही नाही. या पट्ट्यात मुलाबाळांना घेऊन काठाने फिरायचं म्हटलं की पाहुणे मला विचारतात, "मावशी, किती किलोमीटर?" मी त्यांना तिथी विचारते.

हिशोब जुना आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. हे समुद्राकाठचं गणित. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून पोरं बरोबर असली तर सप्तमी ते नवमीतला दिवस धरा. पहाटे भरती होऊन गेलेली असते आणि तुम्ही चालत असता तेव्हा पाणी उतरत असतं. त्यातून ती भांगाची भरती, म्हणजे फार चढतही नाही. पौर्णिमेला सकाळी आठला कोरडी दिसलेली पायवाट अकराला पाण्याखाली असू शकते, आणि परतीचा रस्ता तोच असतो.

वाशिष्ठीकाठी मात्र हे गणित पुरत नाही. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून तिच्यात येतं, त्यामुळे भरती नसतानाही पातळी वाढू शकते. शिवाय चिपळूणकडे मगरी आहेत. तिथे पाणी लांबूनच बघावं.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काठावर जाऊच नये, आणि मार्चनंतर नऊ वाजताच जांभा दगड तापतो.

वाट निवडताना गावातली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, जिथे नदीवर उतरते तिथून सुरुवात करा. पायऱ्या संपल्या की डावी-उजवीकडे मळ्यांच्या गडग्यालगत, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणालगत, सपाट पायवाट असते. तीच मुलांची वाट. जाऊन-येऊन चार किलोमीटर पुरे, आणि तेवढ्याला तीन तास धरा, कारण पोरं प्रत्येक कुर्लीपाशी, म्हणजे खेकड्यापाशी, थांबणार. थांबू द्या, त्यासाठीच तर आणलंय! खंड्या हमखास दिसतो. काठाला वड-उंबर फळलेला असेल तर धनेशही येतो. त्याच्या पंखांचा आवाज तो दिसायच्या आधी ऐकू येतो.

वाटेत साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, लागला तर आधी एका मोठ्या माणसाने जाऊन बघावं. पावसात फळ्या, कठडे गेलेले असतात. ओहोटीला उघडा पडलेला चिखल वरून घट्ट वाटतो, पण पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि खडकावरच्या कालवांचे शिंपले तळवा कापतात. त्यामुळे चप्पल नको, बंद बूट घाला. बुटांचं दुसरं कारण फुरसं, हा विषारी साप. ते दगडाखाली असतं, म्हणून गडग्याचे दगड उपसायला मुलांना सक्त मनाई.

आणि खाजकुयली! थंडीत तिच्या सोनेरी लवेच्या शेंगा कुंपणावर लोंबतात, मुलांना त्या हाताळाव्याशा वाटतात. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, म्हणजे लव निघते, मग धुवा. काजऱ्याची नारिंगी फळंही दिसतील. ती विषारी आहेत, हे निघायच्या आधीच सांगून ठेवा.

खाण्याला घावणे आणि गुळाचं खोबरं न्या, सांडत नाही. पाणी घरूनच, खाडीचं पाणी खारट असतं. सातला निघा, अकराच्या आत पाखाडी चढून वर या, कारण खरा दम त्या पायऱ्यांवरच लागतो.

मळ्यातून जाताना उघडलेलं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, शेवटच्या माणसाने परत लावायचं. गुरं पावट्यात शिरली तर मालकीण नदीपलीकडूनही ओरडते, आणि तुम्ही कोणाकडचे पाहुणे हे तिला बरोब्बर माहीत असतं.