विश्वामित्रीचं पाणी घरात शिरण्याआधी

बडोद्यात पूर बहुतेकदा पाऊस थांबल्यावर येतो. ऊन पडतं, लोक भजी तळायला घेतात आणि तेवढ्यात खालच्या गल्लीतून कुणीतरी ओरडतं.

कारण साधं आहे. विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरातून येते. तिकडे पडलेला पाऊस आणि आजवा तलावाच्या 62 दरवाजांतून निघालेलं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. म्हणून वादळ किनाऱ्यावर आलं एवढ्यावरून काही ठरवू नका. 17 मे 2021 ला तौक्ते उना-दीवजवळ धडकलं, पण मे महिन्यात तलावात जागा असते. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र गुजरातवर रेंगाळलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने (पुढे तोच समुद्रात जाऊन ‘असना’ चक्रीवादळ झाला) भरत आलेल्या तलावावर पाऊस ओतला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं.

तर पहिलं काम, आकाश सोडून आकडा बघा. काळाघोडा पुलाजवळची नदीची पातळी बातम्यांत सतत येते. धोक्याची खूण 26 फूट. 2024 मध्ये पाणी 35 च्या वर गेलं होतं. मागच्या वेळी तुमच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा काळाघोड्याला किती फूट होते, ते शेजारच्या काकांना विचारून मीटरच्या पेटीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. तुमची खरी धोक्याची खूण तीच. आकडा चढत तिच्यापासून चार-पाच फुटांवर आला की उठायचं.

मग मोरी. पाणी दारातून येईल म्हणून आपण उंबऱ्याशी पोती रचतो आणि ते मोरीच्या जाळीतून बुडबुडे काढत वर येतं, काळं आणि वास मारणारं. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधा, एक जाळीवर, एक संडासाच्या भांड्यात दाबून बसवा, वर पाट आणि पाट्यावरचा वरवंटा. पाणी थांबेलच असं नाही, पण सामान वर न्यायला तास-दीड तास मिळतो.

वर न्यायचा क्रम असा: कागदपत्रं, औषधं, इन्व्हर्टरची बॅटरी, गव्हाची कोठी. प्यायचं पाणी आधीच भरून ठेवा, कारण वीज गेली की पंपही बंद. गॅसचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर बांधून टाका, नाहीतर तो तरंगत फिरतो. मेन स्विच कोरड्या पायांनी बंद करायचा; पाणी घोट्याला लागलं असेल तर त्याला हात लावू नका.

गाडी उंचावर लावा. पाण्यात बुडलेली गाडी ‘बघू चालू होते का’ म्हणून सुरू केली की इंजिनात पाणी ओढलं जातं आणि पुढे विम्यावरूनही वाद होतो. टो करूनच न्या.

पाणी ओसरल्यावर आधी भिंतीवरच्या खुणेसकट फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. मग गाळ ओला असतानाच बाहेर लोटा. फ्रिज, मोटर मिस्त्रीने तपासल्याशिवाय लावू नका.

आणि झाडू हातात घेण्याआधी बॅटरीच्या उजेडात जिन्याखाली आणि पाण्याच्या टाकीमागे बघा. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि पुरात त्यांनाही कोरडी जागा हवी असते. दिसली तर दार ओढून घ्या, वनखात्याला कळवा आणि मुलांना व्हिडिओ काढायला पुढे जाऊ देऊ नका.