दरवीश यांचे ‘ओळखपत्र’ कोकणात नव्याने कसे मांडावे

पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांची ‘ओळखपत्र’ ही १९६४ सालची अरबी कविता राजापूर-मालवणकडच्या एखाद्या वाचनमंडळात नव्याने मांडायची असेल, तर आधी तिच्यातला प्रसंग नीट समजून घ्यावा. दरवीश यांचे अल-बिरवा हे गाव १९४८ साली उद्ध्वस्त झाले, आणि इस्रायलमध्ये राहिलेल्या अरबांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. कवितेतला खाणकामगार अशा कारभाराच्या अधिकाऱ्यापुढे उभा आहे. अधिकारी स्वतः बोलत नाही. त्याचे प्रश्न कामगाराच्या उत्तरांवरून कळतात, आणि ‘लिहून घ्या’ असा हुकूम मात्र हा कामगारच सोडतो.

मग कागदावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे अधिकाऱ्याला हवी असलेली माहिती लिहावी, उजवीकडे कामगाराने न विचारता सांगितलेली. कार्डाचा पन्नास हजार हा क्रमांक आणि आठ मुले डावीकडे जातील. उन्हाळ्यानंतर येणारे नववे मूल, नांगराच्या घराण्यातला बाप आणि ऑलिव्हच्या झाडांहून जुनी मुळे उजवीकडे. माझ्या मते सादरीकरणाचा सारा जीव या उजव्या बाजूत आहे.

खाण म्हटली की आपल्याला चिरेखाण आठवणार, आणि आठवावीच. भुवयांवर बसलेली जांभ्याची लाल धूळ आणि चिरे उचलून सोललेले तळवे अभिनेत्याने जवळून पाहिलेले असावेत. परंतु आपल्या चिरेखाणींवर राबणारे पुष्कळ मजूर परजिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेले असतात आणि त्यांची कागदपत्रे मागणारे आपणच असतो. म्हणून कामगाराच्या जागी स्वतःला बसवण्यापूर्वी, आपण टेबलाच्या कोणत्या बाजूला आहोत, हे मंडळाने प्रामाणिकपणे ठरवावे. अधिकाऱ्याची रिकामी खुर्ची प्रेक्षकांच्या रांगेत ठेवली, तर हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

कवितेतल्या हिरावलेल्या द्राक्षमळ्यांच्या जागी आपल्या आंबा-काजूच्या बागा आणि सातबाऱ्याचे वाद घालण्याचा मोह टाळावा. ते दुःख पॅलेस्टिनी माणसाचे आहे, ते त्याच्याच नावावर राहू द्यावे. ‘मी अरब आहे’ हे शब्दही बदलू नयेत.

शेवटचे कडवे बहुतेक जण ओरडून म्हणतात, ते मला पटत नाही. आपण कुणाचा द्वेष करत नाही, कुणावर अतिक्रमण करत नाही, हे कामगार ‘पहिल्या पानाच्या वर’ लिहून घ्यायला सांगतो, आणि त्यानंतरच आपल्या भुकेपासून सावध राहण्याचा इशारा देतो. हा क्रम ऐकणाऱ्याला कळेल इतक्या सावकाश, आवाज न चढवता ते वाचावे.